कार्टूनचे ओठ आणि आवाज जुळत नाहीत? आधी ‘म’ शोधा

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की एकाच प्रकारची तक्रार चारी बाजूंनी येते. देखाव्यासाठी दोन-तीन मिनिटांचं कार्टून केलेलं असतं, आवाज गावच्याच नाटकात काम करणाऱ्यांनी दिलेला असतो, चित्रं झकास उतरलेली असतात, आणि पात्राने तोंड उघडलं की सगळं फिसकटतं. ‘लिपसिंक गेलंय, काय करू?’ एवढाच प्रश्न. कोणी सांगतं सॉफ्टवेअर बदल, कोणी सांगतं तोंडं परत काढ. दोन्ही करून झालं तरी पुढच्या वर्षी तेच.

या एका नावाखाली दोन वेगळे बिघाड असतात. एकात वेळ चुकते, दुसऱ्यात आकार. वेळ चुकलेली असताना आकार सुधारत बसण्यात सगळ्यात जास्त रात्री वाया जातात. फाइल भलत्याच वेगाने चालत असते आणि बिचारा माणूस ‘ओ’चं तोंड आणखी गोल करत असतो. तेव्हा एकही चित्र हलवण्याआधी बिघाड कोणता ते ठरवा. त्यासाठी फक्त ओठ मिटणारी अक्षरं लागतात: प, फ, ब, भ, म.

हीच का, तर बोलताना बाहेरून ठामपणे दिसणारी घटना म्हणजे ओठ मिटणं. क, ग, ट, ण, ळ हे सगळं तोंडाच्या आत चालतं. ओठ वाचणाऱ्या कर्णबधिर माणसालाही ‘पाट’, ‘बाट’ आणि ‘माट’ यांतला फरक नुसत्या ओठांवरून कळत नाही. तो संदर्भावरून ओळखतो. म्हणजे तुम्ही ‘न’ आणि ‘ण’ला एकच तोंड वापरलंत तर कुणाच्या बापाला पत्ता लागणार नाही. पण ‘म’ला तोंड उघडं राहिलं तर पहिलीतलं पोरही म्हणेल की काहीतरी चुकलंय. डोळा कानात ढवळाढवळ करतो हे हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं: कानावर ‘बा’ पडत असताना समोरचे ओठ ‘गा’ म्हणत असतील, तर बऱ्याच जणांना ‘दा’ ऐकू येतं. चुकीचं तोंड नुसतं खटकत नाही, ते शब्दही गढूळ करू शकतं.

तपासणी अशी करा

एक उदाहरण घेऊ. सायकलवर पाव विकणारा पोदेर ओरडतोय: ‘बाय, पाव घे गो, गरम पाव!’ ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे वाक्य उघडा आणि लाट मोठी करून पाहा. ‘पाव’मधल्या ‘प’च्या आधी लाट जवळजवळ सपाट होते आणि मग एकदम उसळते. ती सपाट जागा म्हणजे ओठ मिटलेले, आणि उसळी म्हणजे ओठ सुटले. इथेच बहुतेकांची गफलत होते. ‘प’ ऐकू येतो त्या उसळीवर मिटलेलं तोंड ठेवलं जातं, म्हणजे दोन-तीन फ्रेम (फ्रेम म्हणजे हलत्या चित्रातलं एकेक चित्र) उशिरा. मिटलेलं तोंड सपाट जागेवर हवं. उसळीला ते उघडायला लागलेलं असायला हवं. ‘ब’मध्ये जागा पूर्ण सपाट नसते, बारीक थरथर दिसते. ‘म’ मात्र गुणगुणतो: लाट बुटकी, एकसारखी, आणि दोन्ही बाजूंचे स्वर उंच. ‘बाय’सारखं वाक्याच्या सुरुवातीचं अक्षर असेल तर आधी शांतताच असते, त्यामुळे सपाट जागा वेगळी ओळखू येत नाही. तिथे उसळीच्या निदान दोन फ्रेम आधी ओठ मिटवा.

आता पूर्ण फाइलमधलं पहिलं मिटणारं अक्षर आणि शेवटचं मिटणारं अक्षर, या दोन ठिकाणी चित्र आणि आवाज यांत किती फ्रेमचं अंतर आहे ते मोजा. दोन्हीकडे अंतर सारखंच असेल तर सगळा आवाज एकाच वेळी सरकवा, काम झालं. अंतर वाढत गेलं असेल तर वेगाचा घोळ आहे. कधी पुढे, कधी मागे असं असेल तर बहुधा प्रिव्ह्यू, म्हणजे सॉफ्टवेअरमधलंच कच्चं दर्शन, फसवतोय. आणि दोन्हीकडे अंतर शून्य असून बोलणं खोटं वाटत असेल, तरच आकारांकडे वळा.

अंतर वाढत जातं तेव्हा

बहुतेकदा दोषी असतो फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दाखवायच्या तो आकडा. चित्रं २४च्या हिशेबाने काढली, पीएनजी म्हणून एकेक फ्रेम बाहेर काढली, आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने ती २५ची धरली. मिनिटाच्या १४४० फ्रेम मग ५७.६ सेकंदांतच संपतात. मिनिटाअखेर तोंड आवाजाच्या २.४ सेकंद पुढे निघून गेलेलं असतं. ३०ची धरली तर एवढा गोंधळ होतो की लगेच कळतं. खरा छळवाद २३.९७६ आणि २४ यांच्यातला. फरक हजारात एक, म्हणजे मिनिटाला ६० मिलिसेकंद. एका मिनिटाच्या तुकड्यात कुणाला दिसत नाही, पाच मिनिटांच्या गोष्टीत सात फ्रेमचा फरक पडतो आणि मग शेवटच्या प्रसंगातली तोंडं परत काढायचा मोह होतो. काढू नका. फ्रेमचा संच आयात करताना वेग हाताने सांगा. सॉफ्टवेअरने काय गृहीत धरलंय ते गुणधर्मांत उघडून पाहा.

आवाजाचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा, हे दुसरं कारण, पण ते कानाला ओळखू येतं. ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज ४८चा म्हणून वाजला तर जवळजवळ ९ टक्के जलद धावतो आणि पातळ होतो, उलट झालं तर जड आणि रेंगाळलेला. नटाचा आवाज ओळखीचा असेल तर पहिल्या वाक्यालाच शंका येते. सगळं काम ४८ किलोहर्ट्झ डब्ल्यूएव्हीमध्ये करा. एमपीथ्रीच्या सुरुवातीला रूपांतरात थोडी शांतता घुसते, साधारण २५ ते ५० मिलिसेकंद, म्हणजे एक फ्रेमभर. व्हॉट्सअॅपवर आलेली व्हॉइस नोट, तिची एमपीथ्री, तिच्यावरून आणखी एक एमपीथ्री, असं केलं की हे तुकडे साचतात. नटाला सांगा, मूळ रेकॉर्डिंग डॉक्युमेंट म्हणून पाठव.

मोजायला सोपं जावं म्हणून पहिल्या चित्राच्या बरोबर दोन सेकंद आधी एक फ्रेमभराचा ‘टिक्’ आवाज ठेवायची चित्रपटवाल्यांची जुनी रीत आहे. शेवटच्या चित्रानंतर दोन सेकंदांनी दुसरा टिक् ठेवा. दोन्ही टिक् जागच्या जागी पडले तर फाइल सरळ, मग दोष तुमच्या तोंडांत. वाकडे पडले तर तोंडांना हात लावायचा नाही.

ब्लूटूथ हेडफोन काढा

हे स्वतंत्र लिहितोय, कारण याने फार लोकांना रडवलंय. ब्लूटूथवरून आवाज सहज १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येतो. फोनमधला व्हिडिओ प्लेअर ते सांभाळून घेतो, अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर सहसा घेत नाही. तुम्हाला आवाज चार-सहा फ्रेम उशिरा ऐकू येतो, म्हणून तुम्ही तोंडं तेवढी उशिरावर ढकलता. तुमच्या कानात सगळं चपखल बसतं. फाइल बाहेर पडली की आवाज आधी आणि तोंड मागून.

आणि ही बाजू जास्त वाईट. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८च्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाच्या लक्षात येतं, मागे पडला तर मात्र १२५पर्यंत खपून जातं. २४ फ्रेमच्या हिशेबात पुढे एक फ्रेम, मागे तीन. शिगमोत्सवाच्या मिरवणुकीत लांबून ढोल पाहिलात तर टिपरू पडलेलं आधी दिसतं, आवाज मागून येतो. उशिरा येणाऱ्या आवाजाची माणसाला सवय आहे, आधी येणाऱ्याची नाही. म्हणूनच जुने अॅनिमेटर तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवतात. शंका आली तर तुम्हीही आधीच ठेवा. वायरचा हेडफोन शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, तो वापरा.

ब्लेंडर या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक सापळा आहे. प्लेबॅक ‘प्ले एव्हरी फ्रेम’वर असेल तर संगणक दमला की चित्र रेंगाळतं आणि आवाज पुढे पळतो. ‘सिंक टू ऑडिओ’ करा. तरीही प्रिव्ह्यूवर शेवटचा निवाडा देऊ नका. छोट्या आकाराची फाइल रेंडर करून ती पाहा.

वेळ बरोबर, तरी खोटं वाटतं

आता आकार. बाजारातले माउथ चार्ट (कुठल्या आवाजाला कुठलं तोंड ते दाखवणारे तक्ते), अमेरिकी अॅनिमेटर प्रेस्टन ब्लेअरचा प्रसिद्ध तक्ता धरून, इंग्रजी बोलणाऱ्या तोंडांसाठी बनलेत. आकार मराठीला चालतात, पण कुठल्या अक्षराला कुठला आकार हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. घोळ होतो तो लिहिलेलं पाहून तोंड काढल्यामुळे. मराठी जशी लिहितो तशी बोलत नाही.

‘गरम’ घ्या. लिहिताना शेवटी ‘म’ पूर्ण आहे, बोलताना तो ‘गरम्’ असतो. अक्षर मोजून तोंड काढणारा ‘म’नंतर तोंड किंचित उघडतो आणि पोदेर ‘गरमऽ पाव’ म्हणतोय असं दिसतं. प्रत्यक्षात ‘गरम पाव’ म्हणताना ‘म’ला मिटलेले ओठ ‘प’पर्यंत उघडतच नाहीत, दोन्ही मिळून एकच मिटणं होतं. साधारण वेगाच्या बोलण्यात हिशेब असा पडतो: ‘ग’ दोन फ्रेम, ‘र’ तीन, मग चार-पाच फ्रेम ओठ घट्ट, त्यानंतर ‘पा’ पाच फ्रेम आणि त्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेमला तोंड सगळ्यात मोठं. मधली घट्ट मिठी ठेवलीत की हे दोन शब्द ऐकू येण्याआधीच दिसायला लागतात. ‘चमचा’, ‘समजलं’, ‘आपला’ यांतही हेच: चम्चा, समज्लं, आप्ला. मोठ्याने म्हणा, आरशात बघा, मग काढा.

शेवटचा ‘व’ दातांचा नसतो. ‘विहीर’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, ‘पाव’ म्हणताना मात्र ओठ नुसते गोल होऊन थांबतात. ‘मुरगाव’लाही तसंच. तिथे दात-ओठाचं तोंड लावलं की पात्र इंग्रजी बोलतंय असं वाटतं.

अनुस्वाराने तर धुमाकूळ घातलाय. टिंब दिसलं की तोंड मिटवायचं असा एक अलिखित नियम मुलांनी करून ठेवलाय. अनुस्वाराचा उच्चार पुढच्या अक्षरावरून ठरतो. ‘आंबा’, ‘खांब’, ‘कोंबडा’ यांत ओठ टिंबापासूनच मिटतात, पुढच्या ‘ब’ची वाट पाहत नाहीत. ‘आंघोळ’, ‘पंखा’, ‘संत’, ‘उंदीर’ यांत ओठांचा काही संबंध नाही, सगळं जिभेचं काम. ‘संवाद’, ‘सिंह’ यांत ओठ जवळ येतात, थोडे गोल होतात, पण चिकटत नाहीत; अर्थात नटाने ‘सम्वाद’ म्हटलं असेल तर मिटवा, शेवटी कान प्रमाण. आणि ‘केलं’, ‘झालं’, ‘मडकं’ यांच्या डोक्यावरचं टिंब म्हणजे नुसता लांबलेला ‘अ’. तिथे तोंड मिटवलंत तर पात्र प्रत्येक वाक्याअखेर ‘केलम्, झालम्’ करत राहतं. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच.

सरावासाठी आपल्या गोव्यातल्या गावांची नावं फार उपयोगी पडतात, कारण ती आपण न विचार करता म्हणतो. ‘पेडणे’ एकदा मिटतं, सुरुवातीला. ‘म्हापसा’ दोनदा, आणि दुसरा ‘प’ सरळ ‘स’ला चिकटलेला. ‘डिचोली’ एकदाही मिटत नाही, फक्त ‘चो’ला गोल. ‘वाळपई’ला आधी दात, मग ओठ. ‘सांगे’ आणि ‘काणकोण’ यांत मिटणं नाहीच. ‘फोंडा’ मात्र म्हणणाऱ्यावर आहे: कुणी दोन्ही ओठ मिटवून ‘फ’ काढतो, कुणी दात टेकवून. ही सात नावं ओळीने रेकॉर्ड करून त्यांची तोंडं ज्याला जमली, त्याला पुढचं बरंचसं जमतं.

स्वरांबद्दल एकच सांगतो. गोल स्वर व्यंजनाच्या आधी पोचतो. ‘तू’ म्हणताना ‘त’लाच ओठांचा चंबू झालेला असतो, ‘कोण’ म्हणताना ‘क’लाच. व्यंजनाचं वेगळं तोंड काढून मग स्वराचं काढलं तर पात्र फडफडत बोलतं.

मिटलेलं तोंड किमान दोन फ्रेम ठेवा. एका फ्रेमचं मिटणं डोळ्याला लागत नाही. जागा नसेल तर आधीच्या स्वरातून एक फ्रेम कापा, पुढच्यातून नको. सेकंदाला बाराच चित्रं काढत असाल तरी ओठ मिटण्याच्या जागी तोंडाचा थर एकेका फ्रेमवर न्या, बाकी शरीर दोन-दोनवर राहू दे.

‘मग हिंदीत बोलणारा डोरेमॉन कसा खपतो?’ हा प्रश्न दर वेळी येतो. जपानी मालिकांत सहसा चित्रं आधी होतात, आवाज नंतर भरतात, आणि तोंडं तीनच: मिटलेलं, अर्धं, उघडं. कुठल्याही अक्षराचं तोंड नसल्यामुळे कुठल्याही भाषेत ते सारखंच चालतं. जपलेली असते ती वाक्याची सुरुवात आणि शेवट. तोंड वाक्याबरोबर उघडतं, वाक्याबरोबर थांबतं. हॅना-बार्बेरा या अमेरिकी कार्टून स्टुडिओने टीव्हीसाठी काम स्वस्तात उरकताना योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर-टाय अडकवला तो डोकं धडापासून वेगळं हलवता यावं म्हणून. सांधा टायखाली लपतो आणि धड न काढता नुसतं डोकं बोलतं. वेळ कमी असेल तर याच वाटेने जा. आठ तोंडं अर्धवट जमण्यापेक्षा तीन तोंडं वेळेवर पडलेली शंभर पट बरी. आणि पोदेराला भरघोस मिशा द्या, निम्मं काम वाचतं.

आपोआप करणारी सॉफ्टवेअरं

रुबार्ब हे फुकट मिळणारं साधन आवाज ऐकून तोंडांची यादी देतं: सहा मूळ आकार, वर तीन ऐच्छिक. त्यातला नेहमीचा ओळखणारा भाग इंग्रजीपुरता आहे. मराठी आवाज तसाच दिला की तो त्यात इंग्रजी शब्द शोधतो आणि भलतीच तोंडं लावतो. ‘फोनेटिक’ रेकग्नायझर (ओळखणारा दुसरा भाग) निवडा, तो भाषा पाहत नाही. सोबत संवादाची लिखित फाइल जोडून फायदा नाही, ती इंग्रजीवाल्या भागालाच कळते. मिळालेली यादी कच्चा माल समजा आणि हाताने फक्त प-फ-ब-भ-म तपासा. बाकी सोडून द्या.

पावसाळ्यातलं रेकॉर्डिंग मात्र आधी साफ करा. कौलांवर किंवा पत्र्यावर कोसळणारा पाऊस यंत्राला बोलणंच वाटतं, आणि पात्र गप्प उभं असतानाही ओठ चाळवत राहतं. बंद गाडीत किंवा कपड्यांनी भरलेल्या कपाटाशी तोंड करून बोला. आणि नाटकवाल्यांना माइकजवळ मंडपातल्या शेवटच्या रांगेसाठीचा आवाज लावू देऊ नका. लाट वर कापली गेली की स्वर आणि व्यंजन यांच्यातला चढउतार पुसला जातो, सपाट जागा शोधणं कठीण होऊन बसतं. त्यांची वाक्याअखेरचा स्वर लांबवायची सवय मात्र मोडू नका, ऐकायला गोड असते. ‘घे गोऽऽ’ला तोंड गोठवून ठेवू नका एवढंच, आठ-दहा फ्रेमपेक्षा लांब स्वर असेल तर गोल तोंड हळूहळू बारीक होत जाऊ दे.

घरी जुळलं, मंडपात बिघडलं

लॅपटॉपवर सगळं चोख, मंडपातल्या एलईडी पडद्यावर आवाज पुढे. हा दोष तुमच्या फाइलचा नाही. मोठे पडदे आणि टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून मग ते दाखवतात, त्यात वेळ जातो. आवाज मिक्सरमधून थेट स्पीकरवर पोचतो. टीव्ही असेल तर ‘गेम मोड’ लावून पाहा, प्रक्रिया कमी होते. नाहीतर आवाज उशिरा सोडा. मिक्सरवाल्याकडे डिले (आवाज उशिरा सोडायची सोय) असेल तर त्याला सांगा. नसेल तर फाइल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चालवा आणि कीबोर्डवरचं ‘के’ दाबा: एका दाबाला आवाज ५० मिलिसेकंद मागे जातो, ‘जे’ने पुढे येतो. आरतीच्या आधी, मंडप रिकामा असताना, ‘गरम पाव’ची ओळ पुन्हा पुन्हा लावा आणि ‘प’ सुटताना ओठ सुटतात का ते पडद्यासमोर उभं राहून बघत दाबत जा. आकडा एकदा सापडला की कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवा, कारण व्हीएलसी बंद करून उघडलं की तो पुन्हा शून्यावर आलेला असू शकतो.